आवरलेला ओटा

सकाळी शिवणाचं मशीन बाहेर काढायचं म्हणून तिनं दार उघडलं, उंबऱ्याबाहेर पाय टाकला आणि टाच चिकटली. खाली पाहिलं तर पिवळा रंग. ओला, जाड, रस्त्यावर पट्टे मारायला वापरतात तसला. उंबरा जिथं संपतो आणि ओटा जिथं सुरू होतो, बरोबर त्या सांध्यावरून एक रेघ गेली होती; तिच्या दारातून शेजारच्या दारात, तिथून पुढच्या, अशी थेट गल्लीच्या वळणापर्यंत. रंगवाला तीन-चार घरं पुढं उकिडवा बसून, तोंडातल्या तोंडात काहीतरी गुणगुणत ब्रश ओढत होता. तिनं विचारलं, ‘अहो, हे काय काढताय?’ तो मागं न बघता म्हणाला, ‘हद्द.’ ‘कुणाची?’ ‘तुमचीच की. रेघेच्या आतलं तुमचं.’ ‘आणि बाहेरचं?’ आता मात्र त्यानं वळून पाहिलं. तिच्याकडं नाही, तिच्या पायांकडं. ‘अहो बाई, पुसाल ना! पाय उचला आधी.’ तिनं पाय उचलला. तो उचललेला पाय पुढं कितीतरी दिवस तिच्या डोक्यातून गेला नाही. कुणीतरी आपल्या दारात येऊन पाय उचल म्हणतो आणि आपण आधी उचलतो, विचार मागाहून करतो. असलं कसलं वळण हे.

रॉकेलनं घासून घासून टाच लाल झाली, पण पिवळी राहिलीच. तरीही तिनं रोजच्यासारखं मशीन ओढत बाहेर आणलं आणि त्याचे चार लोखंडी पाय ओट्यावरच्या चार खड्ड्यांत बसवले. ते खड्डे कुणी पाडले नव्हते. रोज तेच वजन त्याच जागी बसून बसून सिमेंट झिजलं होतं. मशीन त्यांत बसलं की डुगडुगत नसे. गल्ली तिला मशीनवालीच म्हणायची. शाळांचे गणवेश, उशांचे अभ्रे, पडदे, जे येईल ते ती या ओट्यावर बसून शिवायची, कारण आत शिवणं शक्यच नव्हतं. आतल्या खोलीला खिडकी होती, पण तिच्यातून हात बाहेर काढला की मागच्या घराची भिंत लागायची. भर दुपारी दिवा लावावा लागे आणि त्या दिव्यात गडद निळ्या कापडावर गडद निळा दोरा दिसत नसे. एका आजारपणात तिनं आत बसून शिवायचा प्रयत्न केला होता. विजारींचा अख्खा गठ्ठा उसवावा लागला आणि डोळ्यांतून इतकं पाणी आलं, की सासूला वाटलं सून रडतेय. म्हणजे ओटा गेला तर उजेड गेला, आणि उजेड गेला तर मशीन म्हणजे घरातलं एक अडचणीचं लोखंड. हे तिला त्या सकाळी सुई ओवताना इतकं लख्ख कळलं, की दोरा भोकातून जाईना.

आणि राग कुणावर काढायचा? तिथंच तर सगळी गोची होती. पूर्वी सोपं होतं. पूर्वी पालिकेची गाडी यायची, माणसं उतरायची, पत्रे उचकटायची, त्यांना शिव्या देता यायच्या. मग मोर्चे निघाले. तिनंही काढले. ‘राहतो त्याची जागा’ असं ओरडून ओरडून तिचा घसा बसला होता, तेव्हा नवरा म्हणालाही होता, ‘घरात शांतता नांदायला मोर्चा उपयोगी पडला म्हणायचा.’ आणि खरंच, कायदा आला. वॉर्डात समिती बसली. घराच्या मालकीच्या कागदावर नवरा-बायको दोघांची नावं लागणार, आणि बायकोचं आधी. हे ऐकलं त्या दिवशी ती कारण नसताना गल्लीच्या टोकापर्यंत चालत जाऊन आली होती. तिच्या आईचं नाव कधी कुठल्या दारावर लागलं नव्हतं, सासूचं तर घरातल्या भांड्यावरसुद्धा नव्हतं. आता ज्या कायद्यासाठी आपण घसा फोडला त्यानंच आपल्या उंबऱ्याशी रेघ मारली, तर ओरडायचं कुणाच्या नावानं? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत. आतल्या आत राग फिरत राहिला आणि तिच्या पायाखालचा मशीनचा पायटा त्या दिवशी असा काही चालला, की सासू दारातून म्हणाली, ‘अगं, हळू. कापड आहे ते.’

रेघेआधी घरांची मोजणी झाली, त्या दिवशी काय झालं होतं ते तिनं शिवता शिवता पुन्हा पुन्हा आठवून पाहिलं. आदल्या दिवशी कर्णा लावलेली गाडी फिरली होती: उद्या मोजणीचं पथक येत आहे, नागरिकांनी सहकार्य करावं. सहकार्य म्हणजे काय ते कुणी सांगितलं नव्हतं आणि गल्लीला ते एकाच तऱ्हेनं ठाऊक होतं: माणसं येणार, आवरा. पहाटेपासून नुसती झुंबड उडाली. पाण्याची पिंपं आत गेली, स्टोव्ह आत गेले, सायकली, बाजा, वाळत घातलेले कपडे, कोंबड्यांचं खुराडं, सगळं आत. घरात माणसाला उभं राहायला जागा नाही आणि बाहेर सगळं चकचकीत. शेजारची बालवाडीत मुलं सांभाळायची, तिला सगळे आयाबाई म्हणत. ती आणि मशीनवाली, दोघींनी मिळून मशीन उचलून आत नेलं आणि पलंगाशेजारी उभं केलं. सासूनं ओटा झाडला, धुतला, वर ओल्या फडक्यानं पुसला. पथक आलं ते पुसलेल्या ओट्यावर बुटांचे ठसे उमटवत आलं. साहेब तरुण होता, बोलायला गोड होता. चहूकडं पाहून म्हणाला, ‘किती स्वच्छ गल्ली आहे हो तुमची! असं कुठं बघायला मिळत नाही.’ आणि तिला, मशीनवालीला, अंगावर मूठभर मांस चढल्यासारखं झालं होतं. आज ते आठवलं की तोंडात कडू पाणी यायचं. तिनंच त्याला खुर्ची दिली होती. तिनंच पाणी दिलं होतं, घरातल्या एकुलत्या एक काचेच्या पेल्यातून. आणि तो ते पाणी पीत असताना टेपवाल्यानं टेपचं टोक उंबऱ्याला लावून घर मागच्या भिंतीपर्यंत मोजलं होतं. पुढं ओटा मोकळा होता. मोकळा म्हणजे कुणाचाच नाही.

अख्ख्या गल्लीत एकाचीच जागा पूर्ण त्याच्या नावावर लागली. कोपऱ्यावरच्या दुकानदाराची. हा इसम जन्मात कधी कुणासाठी उठून उभा राहिला नव्हता. त्याच्या दुकानापुढं फुटकी खोकी, रिकाम्या गोण्या, मोडकी बाज आणि कधी काळी फ्रीज असलेलं काहीतरी, असा पसारा बारमाही पडलेला असे, आणि त्यावरून बायकांशी त्याचं रोज वाजे. मोजणीच्या दिवशी त्यानं काडी इकडची तिकडं केली नाही. साहेबाला म्हणाला म्हणे, ‘काय मोजायचं ते मोजा, गिऱ्हाईकाच्या वाटेत उभं राहू नका.’ आता पिवळी रेघ त्याच्या दुकानापाशी आली की अदबीनं बाहेर वळायची, त्या सगळ्या खोक्यांना, गोण्यांना आणि गंजक्या फ्रीजला पोटाशी घेऊन पुन्हा आत यायची. मशीनवाली त्या वळशापाशी उभी राहून बघत राहिली. दुकानदार आतून म्हणाला, ‘काय बघताय? नकाशात आलाय आपला कचरा.’ तिला हसू आलं आणि त्या हसण्याचाही राग आला.

‘मिळतंय ते पदरात पाडून घे,’ नवरा रात्री जेवताना म्हणाला. तो एका दवाखान्याच्या इमारतीत लिफ्ट चालवायचा. दिवसभर माणसांना वर पोचवून आपण मात्र रोज तळमजल्यालाच, हा त्याचा आवडता विनोद होता. ‘ओट्यासाठी अडून बसशील, ते घरसुद्धा अडकवून ठेवतील. तेलही गेलं तूपही गेलं, हाती धुपाटणं.’

‘ओटा तुम्ही बांधलात. विसरलात?’

तो विसरला नव्हता. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी पलीकडं एक जुनी इमारत पाडत होते. तिथला राडारोडा दोघांनी पाठीवरून गोणी गोणी करून आणला होता. पाठीला विटेचा कोपरा टोचायचा, घामानं चुना चरचरायचा आणि वाटेत कुणी विचारलं की नवरा म्हणायचा, ‘महाल बांधतोय.’ पहिल्यांदा त्या ओट्यावर मशीन ठेवलं तेव्हा तो तिच्यासमोर गल्लीत उभा राहून म्हणाला होता, ‘आता दिसतेस. आत नुसता आवाज यायचा.’ ते वाक्य ती इतकी वर्षं जपून होती, त्याला न सांगता.

‘बांधला खरा,’ तो शेवटी म्हणाला. ‘पण साहेबाला तू तोंड वर करून काय सांगणार? खुर्ची कुणी दिली होती?’

सासू कोपऱ्यात पाय पोटाशी घेऊन बसली होती. ती तशीच बसायची. तिचं सगळं आयुष्य पाय आवरण्यात गेलं होतं. आधी सासऱ्याच्या वाटेत, मग नवऱ्याच्या, मग मुलाच्या. आता तर मांजर जवळून गेलं तरी ती पाय आत घ्यायची. ‘माणसं दारात आल्यावर पसारा बरा दिसतो का,’ ती हळूच म्हणाली. तिच्यावर ओरडावं असं मशीनवालीला वाटलं. ओरडता आलं नाही, कारण मोजणीच्या पहाटे तिलाही अगदी तेच वाटलं होतं.

वॉर्ड ऑफिसात हरकती ऐकायचा दिवस होता. भिंतीवर गल्लीचा नकाशा लावला होता, रंगीत, सुरेख, काचेत. घरं फिक्या गुलाबी रंगात आणि गल्ली पांढरी, ऐसपैस. नकाशात ती इतकी रुंद दिसत होती, की आपण इथं राहत नाही असंच तिला वाटलं. साहेबानं तिला ओळखलं. ‘या ना, बसा. त्या स्वच्छ गल्लीतल्या ना तुम्ही?’ त्याच्या चेहऱ्यावर खरोखर आनंद होता. हाच तर वैताग होता. तो उर्मट असता तर बरं झालं असतं. त्यानं समजावून सांगितलं, दोनदा सांगितलं, न चिडता. मोजणीच्या दिवशी जी जागा वापरात दिसली ती घराला लागली, मोकळी दिसली ती रस्त्याला. नियम सगळ्यांना एकच.

‘साहेब, त्या ओट्यावर मी रोज बसते. माझं पोट आहे त्यावर.’

‘मग त्या दिवशी का नव्हतात?’

‘तुम्ही येणार म्हणून उठले.’

त्यानं पेन खाली ठेवलं. ‘म्हणजे?’

‘तुम्हाला यायला जागा हवी ना. म्हणून मशीन आत नेलं. तिथं खड्डे आहेत मशीनच्या पायांचे, येऊन बघा.’

‘खड्डे वापरात धरता येत नाहीत हो,’ तो म्हणाला, आणि त्याला खरंच वाईट वाटल्यासारखं दिसलं. ‘आणि हेही बघा, उद्या आग लागली तर बंब आत यायला नको?’ ती उठली. बंब यायला हवा होता. दुकानदाराच्या फ्रीजवरून तो कसा येणार होता हे तिला जिना उतरताना सुचलं, आणि ती पुन्हा जिना चढून गेली. धापा टाकत तिनं ते सांगितलं तेव्हा साहेब पहिल्यांदा हसला नाही. नकाशाकडं जाऊन त्यानं तो वळसा बोटानं पाहिला. फेरपाहणी करू, म्हणाला. एकदाच. त्या वेळी जे वापरात दिसेल ते अखेरचं.

घरी चालत येताना तिला आईचा झाडू आठवत राहिला. लहानपणी तिच्या घरच्यांनी किती खोल्या बदलल्या त्याची गणती नव्हती. मालकानं ऊठ म्हटलं की उठायचं. सामान हातगाडीवर चढलेलं असायचं, बाप घाई करत असायचा आणि आई मात्र रिकाम्या खोलीत वाकून झाडत असायची. कोपऱ्यापासून दारापर्यंत, अगदी मन लावून. ‘मागून येणाऱ्यानं नावं ठेवायला नकोत.’ एकदा एक मालक कुलूप हातात घेऊन तिचं झाडणं संपायची वाट बघत उभा होता. आई कचरा सुपलीत भरून बाहेर आली, त्याच्याकडं बघून ओशाळं हसली, आणि त्यानं कुलूप लावलं. आईला तेव्हा ताप होता. ते हसू आठवून मशीनवाली भर रस्त्यात थांबली. मागून येणारा एक माणूस तिच्यावर आदळला आणि ‘माफ करा’ म्हणाला, आणि तीही लगेच ‘माफ करा’ म्हणाली, आणि मग दातओठ खात उभी राहिली. ज्यानं त्यानं झाडून द्यायचं, पुसून द्यायचं, वर पाणी द्यायचं, आणि मग कुलूप ज्याचं असेल त्यानं लावायचं. मरेपर्यंत हेच करायचं का?

ती दारोदार फिरली. ‘फेरपाहणीला येणार आहेत. काहीही आवरायचं नाही. स्टोव्ह पेटलेला हवा, पिंपं भरलेली हवीत, कपडे वाळत हवेत.’ सगळ्यांना पटलं. आयाबाईला तर फारच पटलं. ‘भीड भिकेची बहीण, माझी आई म्हणायची,’ ती म्हणाली. ‘या वेळी मी नवऱ्यालाच ओट्यावर झोपवते, बघ.’ सासूनंही मान डोलावली. मशीनवालीनं तिच्याकडून दोनदा वदवून घेतलं. दोन्ही वेळा सासू म्हणाली, ‘नाही गं आवरत.’

ते सांगितलेल्या दिवशी आले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत. तिसऱ्या दिवशी शिवलेले गणवेश पोचवायला ती बाजारात गेली आणि परत येताना गल्लीच्या तोंडाशीच तिला कळलं. गल्ली स्वच्छ होती. पिंपं नव्हती, बाजा नव्हत्या, दोरीवर एक कपडा नव्हता. ओल्या सिमेंटचा वास येत होता. फक्त दुकानदाराचा कचरा जागच्या जागी होता. तिच्या ओट्यावर, बरोबर चार खड्ड्यांच्या मधोमध खुर्ची होती आणि खुर्चीत साहेब बसला होता, हातात काचेचा पेला. आयाबाई दारात उभी होती, चेहरा पडलेला. ‘अचानक आले गं,’ ती पुटपुटली. ‘आजींना एकटीला ओढता येईना मशीन, म्हणून मी फक्त हात लावला.’ आणि आत अंधारात, झाडू हातात धरून, सासू. ‘माणसं दारात उभी होती,’ ती म्हणाली. ‘खुर्ची तरी कुठं ठेवायची?’

मशीनवालीच्या कानात काहीतरी गरम भरलं. तिला वाटलं, आता आपण या म्हातारीला काहीतरी असं बोलू, की जन्मभर परत घेता येणार नाही. पण ती सरळ आत गेली, मशीनचा पाया दोन्ही हातांनी धरला आणि ओढला. एकटीनं. लोखंड फरशीवर किंचाळलं, उंबऱ्यावर अडलं, तिनं कंबर लावून उचललं आणि मशीन पिवळ्या रेघेवरून बाहेर आलं ते थेट साहेबाच्या गुडघ्यांशी. ‘उठा,’ ती म्हणाली. या गल्लीत बसलेल्या पाहुण्याला हा शब्द आजवर कुणी ऐकवला नव्हता. आयाबाईनं तोंडावर हात ठेवला.

‘काय झालं, बाई?’

‘माझी जागा आहे. उठा साहेब. खुर्ची गल्लीत घ्या हवी तर.’

तो एका हातानं खुर्ची मागं ओढत उठला. पेला कुठं ठेवावा त्याला कळेना, मग तो हातातच राहिला. खड्ड्यांत चार पाय बसल्याचा ठक्क आवाज तिनं ऐकला. मग ती आतलं स्टूल ओढून त्यावर बसली, हाताला लागलं ते फडकं सुईखाली सरकवलं आणि पायटा दाबला. ते ओट्याचं पुसणंच होतं, ओलं. सुई त्यात धावत राहिली.

‘हे बरोबर नाही हो,’ साहेब मशीनच्या आवाजावर आवाज चढवून म्हणाला. आता त्याचा आवाज गोड नव्हता. ‘आम्ही आलो तेव्हा जागा मोकळी होती. मी काय लिहू?’

‘जे दिसतंय ते लिहा.’

‘एका मशीननं काय होतं? मशीनपुढं अजून निम्मा ओटा मोकळाच आहे. टेप धर रे. मशीनच्या पायापर्यंत घे, पुढचं रस्त्याला.’

टेपवाला वाकला. तेवढ्यात सासू बाहेर आली. मशीनवालीला वाटलं, झालं, आता ही गंजाचा पडलेला भुगा झाडणार. तिनं न थांबता म्हटलं, ‘आई, झाडू ठेवा.’ सासूनं ठेवला. भिंतीला टेकवून, नीट. मग ती मशीनला वळसा घालून ओट्याच्या पार पुढच्या काठापर्यंत गेली, तिथं सगळ्यांच्या देखत खाली बसली आणि पाय लांब केले. थेट गल्लीत. मशीनवालीनं इतक्या वर्षांत तिचे पाय असे सरळ कधी पाहिले नव्हते. पोटऱ्या काटकुळ्या होत्या, टाचा फुटलेल्या होत्या आणि एका टाचेला पिवळा रंग होता. म्हणजे तिनंही ती रेघ ओली असतानाच ओलांडली होती आणि कुणाला सांगितलं नव्हतं.

टेप हातात घेऊन टेपवाला तिच्यापाशी थबकला. ‘आजी,’ तो अदबीनं म्हणाला, ‘पाय तेवढे आत घ्या.’

सासूनं आपल्या पायांकडं पाहिलं.

‘नाही घेत,’ ती म्हणाली.

मशीन थांबलं. टेपवाल्यानं साहेबाकडं पाहिलं, साहेबानं हातातल्या पेल्याकडं. कोपऱ्यावरून दुकानदार उठून उभा राहून बघत होता. आयाबाईनं आपलं पिंप आतून ढकलत ढकलत बाहेर काढलं आणि पाणी सांडलं तरी थांबली नाही. पलीकडच्या घरातून कुणीतरी बाज ओढल्याचा आवाज आला. टेपवाला थोडा वेळ तसाच वाकून राहिला. मग त्यानं टेप उचलला आणि म्हातारीच्या पावलांच्या बाहेरून टाकला.